पायताण हातात घेतलेला माणूस

फुलेवाडी, कोल्हापूर
मंगळवार, ९ जुलै १९७४

बादशा,

सलाम-दुआ काय लिवत न्हाय. तीन वर्षं तू मला एक कार्ड टाकलं न्हाईस, मी बी टाकलं न्हाय. सख्खे भाऊ म्हणायचं आणि गप बसायचं. तवा आता उगं गोड बोलून काय करायचं? कामाचं लिवतोय. हुबळीचा पत्ता तुझ्या भाभीनं दिला. तुझ्या जुलेखाची आणि हिची पत्रापत्री चालू हाय हे मला परवा कळलं. माझ्याच घरात, आणि मलाच पत्ता न्हाय!

काम असं हाय. तुझ्याकडं कोल्हापूरचा पोलीस येईल, न्हायतर एखादा वकील येईल. विचारंल, महालिंगाप्पांच्या गुळाच्या गोडाऊनवरचं कुत्रं तुम्ही दोघांनी कसं शिकवलं? तू म्हणायचं, मला काय ठावं न्हाय, सगळं थोरल्या भावानं केलं. खोटं बी न्हाय त्यात. रुस्तमला मी घडवलाय. तू निस्ता हाताला गोणपाट बांधून पळायचास.

झालं काय ते सांगतो, न्हायतर दुसऱ्याकडनं काय बी ऐकशील. शुक्रवारी सकाळी साडेसहाच्या सुमाराला रुस्तमनं चोर धरला. पिराजी नावाचा राधानगरीकडचा गडी, हमाल म्हणून लागून आठ दिवस झालते. भिंतीवरनं आत आला. रुस्तमनं भुंकणं न्हाय, गुरगुरणं न्हाय, सरळ उजवा हात धरून गडी आडवा केला. मी जाऊन 'छोड' म्हणीस्तोवर सोडला न्हाय. जूनमध्ये गोडाऊनातली पितळी वजनं गेलती. आप्पांनी तिथंच सांगून टाकलं, वजनं नेणारा हाच. आता पिराजी दवाखान्यात हाय आणि खाटेजवळ शिपाई बसलाय.

तू गेलास तवा रुस्तम वर्षाचा होता. आता बघशील तर ओळखणार न्हाईस. मास्टिफची जात ती, साठ किलोचं धूड झालंय. बाजारात नाव झालंय त्याचं. गुळाचे अडते मुद्दाम बघाय येतात, आणि आप्पा मिशीवर हात फिरवून सांगतात, "तीन वर्षांत ह्यानं चुकून कुणाला धरलं न्हाय. ह्यानं धरला म्हणजे चोरच." सांगलीच्या दोन व्यापाऱ्यांनी मला पिल्लं शिकवाय बोलावलंय. आब्बा जन्मभर संस्थानच्या शिकारखान्यात राबले, त्यांना सुद्धा एवढा मान मिळाला न्हवता.

तवा तोंड बंद ठेव.

गौस


शनिवार, १३ जुलै

बादशा,

पत्र पोचलं का न्हाय, तेवढं तरी कळव की. तोंड बंद ठेव म्हणलतो, हात बांधून बस म्हणलो न्हवतो.

फौजदार गुरुवारी आलता. कोवळा हाय, पण डोळं लई बारीक. मला म्हणला, "हिथं दिवसाला चाळीस माणसं येतात-जातात. त्यांना हे कुत्रं कधी धरत न्हाय. मग पिराजीत काय बघितलं त्यानं?" मी म्हणलो, "साहेब, जनावर हाय. माणसाच्या मनात पाप असलं की घामाचा वास बदलतो, ते त्याला कळतं." त्यानं लिवून घेतलं. लिवून झाल्यावर बी माझ्या तोंडाकडं बघत बसला. मला कपाळ पुसावं वाटलं, पण हात वर नेला न्हाय.

पिराजी म्हणतोय गेट उघडं होतं. आता तुला सांगाय हरकत न्हाय, गेट लोटलेलं होतं. भिंतीवरनं आला असं आप्पा म्हणले, मी न्हाय म्हणलो न्हाय, एवढंच. मोठ्या माणसाच्या बोलण्यात आपण कशाला आडवं पडायचं?

त्याची आई चिमणाबाई गेटावर येऊन बसती. तीन दिवस झालं. डोक्यावर इरलं, पाऊस कोसळतोय, पण म्हातारी हलत न्हाय. बरं, रडत बी न्हाय, शिव्या बी देत न्हाय. येईल-जाईल त्याला एकच विचारती, "माझ्या पोराची पायताणं कुठं हायत?" डॉक्टर म्हणतोय उजव्या हाताची दोन बोटं मिटणार न्हाईत, हमालाचं ते काय हुईल ते दिसतंयच, आणि ही बया पायताणाचं विचारती. डोकं फिरलंय तिचं.

तुझ्या भाभीनं तिला चहा नेऊन दिला. मी म्हणलो, चोराच्या आईला चहा पाजतीस? तर हाफिजा म्हणली, "तिच्या समोरनं जाताना तुम्ही मान खाली का घालता, ते आधी सांगा." बघ कसं बोलती!

तू कुणाला काय सांगितलं न्हाईस ना? उलट टपाली लिव.

गौस


बुधवार, १७ जुलै

बादशा,

हाफिजाला पायताणं सापडली.

जळणाच्या ढिगामागं, पोत्यात गुंडाळून मीच ठेवलती. फेकून द्यायची होती. दोनदा पंचगंगेपर्यंत घेऊन गेलो आणि दोन्ही वेळंला माघारी आणली. का, ते मला बी सांगता येत न्हाय.

पहिल्या पत्रात लिवलं ते सगळं खरं न्हवतं. आता लिवतो ते खरं.

सहाला गेट उघडायचं आणि त्याच्या आधी रुस्तमला साखळी घालायची, हे माझं रोजचं काम. त्या दिवशी पाऊस असा लागलता की दहा पावलांवरचं दिसंना. मी गेट उघडलं आणि म्हणलो, एवढ्या पावसात कोण मरायला येतंय? साखळी तशीच खुंटीला ऱ्हायली. मी मागच्या शेडात चहाला बसलो. दुसरा कप ओतला आणि बोंब ऐकली.

पळत गेलो. पिराजी चिखलात उताणा, डोक्यावर घोंगड्याची खोळ, उजवा हात रुस्तमच्या तोंडात. आणि डाव्या हातानं गड्यानं छातीशी काय धरलंवतं सांगू? पायताणं. नवी कोरी, कापशी गावची, लाल गोंड्याची, कातड्याला अजून तेलाचा वास होता. त्याच्या सासऱ्यानं लग्नात दिलेली. भिजून कातडं जाऊ नये म्हणून पोरगं घरापासनं अनवाणी चालत आलतं, पायताणं हातात घेऊन.

बघितल्या बघितल्या मला कळलं. तुला बी आता कळलं असंल. दुसऱ्या कुणाला सांगून कळणार न्हाय, पण तुला फोड करून सांगाय नको.

मी 'छोड' म्हणलो. रुस्तमनं सोडलं आणि शाबासकीसाठी माझ्या तोंडाकडं बघाय लागला. आणि मी काय केलं? माणसांना हाक मारायच्या आधी ती पायताणं उचलून माझ्या खोळीत घातली. पिराजी बघत होता. त्याला वाटलं मी सांभाळून ठेवतोय. "भिजू देऊ नका हां," असं म्हणला मला. तसल्या हातानं, बादशा!

हाफिजा भांडली न्हाय. तिनं ती पायताणं पुसली, घराच्या मधोमध पाटावर ठेवली आणि त्याच्या समोर माझं ताट वाढलं. म्हणली, "आता ह्याच्याकडं बघून जेवा." मी उठून बाहेर आलो. दोन दिवस झालं, ती पायताणं तिथंच हायत, आणि ताट बी तिथंच वाढती.

गौस


रविवार, २१ जुलै

बादशा,

आता तुझ्या-माझ्यातलं लिवतो. तीन वर्षं मी लोकांना सांगत आलो, बादशा बायकोच्या नादानं हुबळीला गेला. सासुरवाडी गोड लागली म्हणलो. तू का गेलास ते मला पक्कं ठावं होतं.

पायताणाची अक्कल माझी. आपल्या कोल्हापुरी पायताणाचा आवाज गल्लीच्या टोकाला जातो, म्हणून चोर ते काढून हातात घेतो. तवा कुत्र्याला एकच शिकवायचं, हातात पायताण दिसलं की धर. ओळखीचा असला तरी धर, कारण आप्पांचा आधीचा वॉचमनच चोर निघालता. आप्पा खूश झालते. आणि तू हातातलं गोणपाट सोडत सोडत सगळ्यांच्या देखत म्हणलास, "भाई, उन्हाळ्यात हे ठीक हाय. पण पावसाळ्यात सगळं कोल्हापूर पायताण हातात घेऊन चालतं, त्याचं काय करशील?" हमाल हसले. आप्पा बी हसले. मी तुझ्या कानाखाली मारली. दुसऱ्या दिवशी तू गेलास.

तीन पावसाळं निभावलं, ते माझ्या हुशारीनं न्हाय. पावसात गोडाऊन बंद असायचं. औंदा माल पडून ऱ्हायला म्हणून हमाल चालू ठेवले.

गुरुवारी आप्पांकडं जाऊन सगळं सांगितलं. आप्पा पान लावत होते. म्हणले, "गौस, सुम्म, गप ऱ्हा. कुत्रं चुकलं म्हणशील तर वजनं कुणी नेली? बाजारात मी काय सांगू? आणि सांगलीकर तुला दारात उभं करतील काय?" मग पान तोंडात घालून दुसरीकडं बघाय लागले. तिथनं उठून मी फौजदाराकडं गेलो. पायताणं त्याच्या टेबलावर ठेवली. त्यानं वही काढली आणि म्हणला, "परवा घामाचा वास म्हणत होतास, आज पायताण म्हणतोस. पैसे चारले काय तुला त्या पोराच्या घरच्यांनी? खरं असंल तर दाखव मला."

दाखवणार कसं? साखळी गळ्यात असली की रुस्तम समोरनं हत्ती गेला तरी उठत न्हाय, आपणच शिकवलंय. हाताला गोणपाट बांधून दाखवलं तर फौजदार म्हणतोय तो तमाशा झाला. आणि दुसऱ्या कुणाच्या लेकराला मी त्याच्या पुढं उभं करू? एकाचा हात गेला तेवढा बास झाला. मीच जाणार, पिराजीची पायताणं हातात घेऊन. शुक्रवारी, २६ तारखेला, सकाळी दहाला, गोडाऊनच्या आवारात. फौजदार, आप्पा, पिराजी, त्याची आई, सगळी असणार.

एक अडचण हाय. खाली पडलेल्या माणसाचं 'छोड' रुस्तम ऐकत न्हाय. चोर बी ओरडंल म्हणून आपण तसंच शिकवलं. उभ्या माणसाचं ऐकतो, आणि तो आवाज दोघांचाच, माझा न्हायतर तुझा. मी खाली असणार.

ये म्हणत न्हाय. ये म्हणायचं तोंड माझं मीच घालवलंय. तारीख आणि वेळ कळवली.

मला भीती वाटती रं. चावायची न्हाय, किंवा ती बी हाय, पण त्याच्यापेक्षा दुसरी मोठी हाय. तुला तो नेहमी धरायचा, सरावात चोर तूच असायचास. माझ्यावर तो कधी आलाच न्हाय. तीन वर्षं माझ्या हातनं भाकरी खातोय. त्यानं मला धरलं न्हाय तर पिराजी चोर तो चोरच. धरलं तर रुस्तमचं काय हुईल ते तुला ठावं हाय. आज सकाळी भाकरी घालताना बसून ऱ्हायलो त्याच्याजवळ. अल्लाकडं नेमकं काय मागावं, तेच कळंना.

गौस


मंगळवार, ३० जुलै

बादशा,

अक्षर तुझ्या भाभीचं हाय, बोलणं माझं. उजवा हात कोपरापर्यंत बांधलाय. हाड शाबूत हाय म्हणतात. ही मधनंच आपलं काय घुसडंल तर ते माझं समजू नकोस. (काय घुसडत न्हाय. निस्ता ताप हाय आणि औषध घेत न्हाईत, तेवढं कळवते. — हाफिजा)

तू आलास. पावणेदहाला गेटात छत्री मिटताना दिसलास. केस पिकलेत तुझं. मी जवळ येणार होतो, पण तू माझ्याकडं बघितलं न्हाईस, सरळ रुस्तमकडं गेलास. त्यानं तुला हुंगलं, आणि तीन वर्षांनी बी ओळखलं. शेपटीनं पिंप बडवत होता नुसता.

पुढचं तू उभ्यानं बघितलंस. मी खालनं जे बघितलं ते तुला सांगतो. तू साखळी काढलीस तवा मी गेटाजवळ होतो, पायताणं बगलेत होती. रुस्तम माझ्याकडं पळत आला तो खेळाय. अंग घासलं माझ्या मांडीला. मला काय वाटलं खरं सांगू? बरं वाटलं. न्हाय धरत हा मला, सुटलो, असं वाटलं. आणि लगेच समोर ती म्हातारी दिसली, इरल्याखालनं माझ्या हाताकडं बघत असलेली. मला माझीच एवढी शरम वाटली की काय सांगू. मी चार पावलं मागं सरलो आणि पायताणं बगलेतनं काढून हातात धरली.

त्याची शेपटी थांबली. क्षणभर त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग हाताकडं. मग आला.

मी ओरडलो, 'छोड' म्हणलो, चारदा म्हणलो. आपण शिकवलंवतं तसंच त्यानं ऐकलं न्हाय. तू एकदाच म्हणलास, तेही हळू, आणि त्यानं सोडलं. मग तू गुडघ्यावर बसलास, त्याचं डोकं दोन्ही हातात धरलंस आणि म्हणलास, "शाबास. तुझं काय चुकलं न्हाय, बाळा." मी हातभर लांब चिखलात पडलोवतो. मला एक शब्द बोलला न्हाईस. बोलू नकोस, माझी तक्रार न्हाय. पण ऐकलं मी ते.

फौजदारानं तिथंच कागद केला. पिराजीवरची केस काढली. वजनं कुणी नेली ते अजून कुणाला ठावं न्हाय. पिराजी माझ्याजवळ आला, डाव्या हातानं पायताणं उचलली, सदऱ्याला पुसली. म्हणला, "चाचा, पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझ्या आईला एवढं दिवस पावसात बसावं लागलं नसतं." हाताचं बोलला न्हाय. 

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिवून घेतोय ते. आप्पा म्हणले, उद्यापासनं हे कुत्रं माझ्या आवारात नको, गोळी घाला. तू लगेच म्हणलास, "मी हुबळीला नेतो." आणि मला दवाखान्यात न्यायच्या जीपमधनं मी ओरडलो, "नको." तू माझ्याकडं बघितलंस. तेवढं एकदाच बघितलंस दिवसभरात. मग छत्री उघडलीस आणि स्टँडकडं चालू लागलास. तुझ्या मनात काय आलं असंल ते मला कळतंय. भाऊ तसाच हाय, रक्त गळतंय तरी हट्ट सोडत न्हाय, स्वतःचं कुत्रं दुसऱ्याला मिळू द्यायचं न्हाय, असंच ना?

तसं न्हवतं, बादशा. मी चिखलात पडून त्याचं तोंड जवळनं बघितलं. त्याला कळलंवतं मी कोण हाय. माझा वास, माझा आवाज, सगळं ठावं असून त्यानं धरलं. तीन वर्षांच्या भाकरीपेक्षा माझी शिकवण त्याच्यात खोल गेली. तू म्हणशील, हळूहळू विसरवतो. तू शिकवलं असतंस तर विसरलं असतं. मी मार देऊन शिकवलंय, रोज, महिनोन् महिने. ते निघत न्हाय. आणि हुबळीत काय पाऊस पडत न्हाय? तुझ्या दारावरनं एखादं पोरगं नवं पायताण छातीशी धरून शाळेला जाणार न्हाय? त्या दिवशी साखळी खुंटीला ऱ्हायली तर? माझ्याकडनं ऱ्हायली, तुझ्याकडनं बी ऱ्हाईल कधी तरी. माणूस हाय.

शनिवारी सकाळी फौजदारानं बंदूकवाला पाठवला. दुसऱ्या कुणाजवळ रुस्तम उभा ऱ्हात न्हाय म्हणून मी गेलो. डाव्या हातानं पट्टा धरला. माझ्या बांधलेल्या हाताला हुंगत होता, चाटायला बघत होता. मी "बस" म्हणलो. बसला. मी डोळं मिटलं न्हाईत. आवारातच पुरला, मागच्या चिंचेखाली. तिथली नोकरी संपली. सांगलीला न्हाय म्हणून कळवलंय.

त्या दिवशी हमालांच्या देखत तुला मारलं, ती माझी चूक. तू बरोबर होतास आणि मला ते तवाच कळलंवतं, म्हणूनच मारलं. शुक्रवारी त्याच हमालांच्या देखत तुझी माफी मागायची ठरवून आलतो, पण ते माझ्याकडनं झालं न्हाय. आता पत्रात मागतोय, तुझ्या दाराच्या पायरीवर उभा करून मागाय लावलीस तरी मागीन.

पण शुक्रवारी नको म्हणलं, ती चूक न्हाय. त्याच्याबद्दल माफी मागत न्हाय. त्याबद्दल रागवायचं असंल तर रागव, जन्मभर रागव, पण त्या रागात जुना राग मिसळू नकोस. दोन्ही वेगळे ठेव. एवढं ऐक माझं.

तुझा
गौस